ईमेलच्या सिग्नेचरमध्ये कोट टाकायचाय? मग तो असा निवडा

मेलच्या खाली नाव, पद, नंबर वगैरे आलं की त्याखाली एखादी आवडती ओळ टाकावी असं बऱ्याच जणांना वाटतं आणि त्यात काही वावगं नाहीये. मला तर नीट निवडलेली अशी ओळ वाचायला मनापासून आवडते, कारण कोरड्या पत्रव्यवहारात त्यामुळे समोरचा माणूस जरा दिसतो. पण होतं काय, की सिग्नेचर सेट करताना जी ओळ डोक्यात येते किंवा सर्चमध्ये पहिली दिसते तीच चिकटवली जाते आणि मग वर्षानुवर्षं तिथेच राहते, ती कुठल्या मेलखाली जातेय हे कोणी बघतच नाही.

कोट निवडताना आपण तो एकटाच वाचत असतो, रिकाम्या चौकटीत. ज्याला मेल जातो तो मात्र तुमच्या मेलचं शेवटचं वाक्य वाचून लगेच खाली तो वाचतो. म्हणजे तुम्हाला आवडो न आवडो, कोट हे तुमच्या प्रत्येक मेलचं शेवटचं वाक्य असतं. हे एकदा पटलं की निवडायची पद्धतच बदलते. खाली जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीतून आलंय.

आधी अकाउंट ठरवा

ऑफिसच्या अकाउंटवर कोट टाकायचा असेल तर आधी कंपनीची ईमेल पॉलिसी बघा. बऱ्याच ठिकाणी सिग्नेचरचा ठरलेला फॉरमॅट असतो आणि त्यात स्वतःचं काही घालायला परवानगी नसते, तसं असेल तर विषय तिथेच संपला, वाद घालत बसू नका. पॉलिसी नसेल तरी तो मेल कंपनीच्या नावाने जातो, त्यामुळे धार्मिक आणि राजकीय ओळी तिथे नकोतच, त्या कितीही सुंदर असल्या तरी. नोकरीच्या अर्जाच्या मेलखाली तर कुठलाच कोट नको, तिथे वाचणाऱ्याला नाव, नंबर आणि फार तर कामाची लिंक एवढंच हवं असतं.

स्वतःचं पर्सनल अकाउंट, स्वतःचा व्यवसाय, शिकवणी, लेखन, भाषांतर, स्वयंसेवी काम, अशा ठिकाणी मोकळीक असते आणि तिथे एखादी ओळ खरंच शोभते. पुढचं सगळं मुख्यतः अशा अकाउंटसाठी आहे.

कोट शोधण्याआधी सेंट फोल्डर उघडा

ही पायरी जवळपास सगळे गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची हीच आहे. सेंट फोल्डर उघडून गेल्या महिन्या-दोन महिन्यांत तुम्ही नेमके कसले मेल पाठवलेत ते बघा. आपल्याला वाटतं आपण फार छान-छान मेल पाठवतो, प्रत्यक्षात तिथे असतं काय, तर थकलेल्या पैशांची आठवण, कोणाला तरी दिलेला नकार, उशीर झाल्याबद्दलची माफी, कस्टमर केअरला लिहिलेली तक्रार, कोणाच्या घरी कोणी गेलं म्हणून लिहिलेल्या चार ओळी, आणि "ओके, मिळालं" असे एका ओळीचे पन्नास मेल.

यातल्या प्रत्येक प्रकारचा एकेक खरा मेल वेगळा काढून ठेवा. एका डॉक्युमेंटमध्ये कॉपी करून ठेवले तरी चालेल. सहा-सात निघतील. पुढे हेच मेल लागणार आहेत.

ओळी कुठून आणायच्या

"बेस्ट कोट्स" असं सर्च करून सुरुवात करू नका. त्या याद्यांमधल्या ओळी समोरच्याने आधीच शंभर ठिकाणी पाहिलेल्या असतात, आणि त्यांच्याखालची नावं बऱ्याचदा चुकीची असतात, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. सुरुवात स्वतःपासून करा. पुस्तकात पेन्सिलने खूण केलेल्या ओळी, डायरीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलेलं काहीतरी, शिक्षकांनी किंवा घरातल्या मोठ्या माणसाने वारंवार म्हटलेलं वाक्य, काम अडलं की तुम्ही मनात जे म्हणता ते. अशा दहा-पंधरा ओळी एका जागी लिहा आणि मग आठवडाभर ती यादी बघूच नका. आठवड्याने कागद न उघडता ज्या आठवतील त्याच खऱ्या तुमच्या, बाकीच्या त्या दिवसापुरत्या आवडल्या होत्या.

अजून एक साधी चाचणी. कोणी रिप्लायमध्ये विचारलं की "ही ओळ कुठली, आणि हीच का?" तर दोन वाक्यांत उत्तर देता आलं पाहिजे. मूळ लेखकाचं तुम्ही काही वाचलेलंच नसेल तर ती ओळ तुमच्या नावाखाली का आहे याचं उत्तर तुमच्याकडे नसणार.

म्हणी टाकाव्यात का असं बरेच जण विचारतात. मराठी म्हणी मला प्रचंड आवडतात, पण सिग्नेचरसाठी त्या अवघड, कारण आपल्या निम्म्याहून जास्त म्हणी मुळात टोमणे आहेत. "नाचता येईना अंगण वाकडे" किंवा "उथळ पाण्याला खळखळाट फार" बोलताना कितीही रंगत आणत असल्या तरी कोणाच्या प्रश्नाला उत्तर देणाऱ्या मेलखाली आल्या की वाचणाऱ्याला वाटणार हे मलाच म्हटलंय, आणि तसं वाटण्यात त्याची काही चूक नाही. शिवाय जुन्या कितीतरी म्हणींमध्ये एखादी जात, बाई, गरीब माणूस किंवा कोणाचं व्यंग यावर चिमटा असतो, त्या तर आधीच बाजूला काढा. "थेंबे थेंबे तळे साचे" सारखी कोणालाच न लागणारी म्हण चालू शकते.

मग येतात उपदेशाच्या ओळी. "हार मानू नका", "मोठी स्वप्नं बघा", "आजचं काम उद्यावर टाकू नका". यांची अडचण व्याकरणातच आहे, ही सगळी आज्ञार्थी वाक्यं आहेत आणि मेलमध्ये आज्ञार्थी वाक्याचा कर्ता नेहमी वाचणारा असतो. तुम्ही ते स्वतःला बजावण्यासाठी लिहिलं असेल पण पोचतं ते "तुम्ही हार मानू नका" असंच, आणि ते तुमच्या वरिष्ठांना, क्लायंटला, मुलांच्या शिक्षकांना रोज जातं. त्यापेक्षा काहीतरी पाहिलेलं, अनुभवलेलं सांगणारी किंवा स्वतःबद्दल बोलणारी ओळ कधीही बरी. तुकाराम महाराजांचं "आम्हां घरी धन शब्दांचीच रत्ने" घ्या, ते "आम्ही" म्हणतात, समोरच्याला काही शिकवत नाहीत, आणि लिहिणाऱ्या, संपादन करणाऱ्या, भाषांतर करणाऱ्या माणसाच्या नावाखाली ही ओळ आली की तो काय करतो तेही त्यातून कळतं.

स्वतःचीच ओळ टाकली तर? बिनधास्त टाका, मला ते आवडतंच. फक्त तिला अवतरणचिन्हं लावू नका आणि खाली परत स्वतःचं नाव लिहू नका, नाव वर आलेलंच आहे. आणि ती जास्त वजनदार वाटावी म्हणून दुसऱ्या कोणा मोठ्याच्या नावावर तर मुळीच खपवू नका.

मेलखाली ठेवून वाचा

आता वेगळे काढलेले ते सहा-सात मेल घ्या. यादीतली एकेक ओळ प्रत्येक मेलच्या खाली प्रत्यक्ष पेस्ट करा आणि मेल वरपासून मोठ्याने वाचा. नुसतं मनात कल्पून चालणार नाही, पेस्ट करूनच वाचायचं, कारण गंमत शेवटच्या वाक्याच्या आणि कोटाच्या सांध्यात असते.

एक उदाहरण बघा. फ्रीलान्स काम करणाऱ्या माणसाच्या सिग्नेचरमध्ये गीतेच्या दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक असतो, "कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन". श्लोकाबद्दल वादच नाही. पण हाच माणूस मेल लिहितो की बिल पाठवून दीड महिना झाला, कृपया या आठवड्यात रक्कम जमा करावी, आणि त्याच्या बरोबर खाली फळावर तुझा अधिकार नाही असं येतं. वाचणारा हसेल किंवा अजून एक महिना थांबेल.

दुसरं उदाहरण मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात ओळ अतिशय प्रेमळ आहे. पसायदानातलं "जो जे वांछील तो ते लाहो". ज्याला जे हवं ते त्याला मिळो. आभाराच्या मेलखाली, अभिनंदनाच्या मेलखाली, साध्या चौकशीच्या मेलखाली ही ओळ इतकी सुंदर बसते की दुसरं काही नकोच वाटतं. आता तुम्ही कुठल्यातरी निवड समितीवर आहात आणि मेल आहे की तुमचा अर्ज या वेळी स्वीकारता आला नाही. त्याखाली हीच ओळ. ज्याला नकार मिळालाय त्याला ती कशी लागेल याचा विचार करा. ओळ वाईट नाही, लिहिणाऱ्याचा हेतूही वाईट नाही, पण तुमच्या कामात नकार कळवणं रोजचं असेल तर ही ओळ त्या अकाउंटसाठी नाही.

तसंच आनंद, हसू, सकारात्मकता यांबद्दलचे कोट सांत्वनाच्या मेलखाली फार वाईट दिसतात. वेळेच्या किमतीबद्दलचे कोट उशिराची माफी मागणाऱ्या मेलखाली. प्रामाणिकपणाबद्दलचे कोट तक्रारीच्या मेलखाली, तिथे समोरच्याला वाटतं तुम्ही त्याला चोर म्हणताय.

प्रत्येक जोडीला तीनपैकी एक शेरा द्या: शोभते, गप्प बसते, टोचते. एका जरी मेलखाली ओळ टोचत असेल तर ती काढा, बाकी पाच ठिकाणी शोभत असली तरी. इथे सरासरी काढायची नाही, कारण ज्याच्या मेलखाली ती टोचली त्याने तुमचे बाकीचे मेल पाहिलेलेच नसतात. गप्प बसणाऱ्या ओळींना कमी लेखू नका, सिग्नेचरमधली चांगली ओळ बहुतेक वेळा गप्पच बसते आणि अधूनमधून कोणाचं तरी लक्ष वेधून घेते.

यातून पार झालेल्या ओळींना एकच प्रश्न अजून: हीच व्यक्ती ही ओळ शंभर वेळा वाचेल तेव्हा काय? विनोद, कोटी, शब्दखेळ, शेवटी धक्का देणारी वाक्यं इथे गळतात. पहिल्यांदा हसू येतं, चौथ्यांदा डोळा वरून सरकतो, विसाव्यांदा चीड येते. साधं, थोडं खोल, घाई नसलेलं वाक्य टिकतं.

नाव खरं आहे का ते तपासा

कोटाखाली नाव लिहिता म्हणजे या माणसाने हे म्हटलंय असं तुम्ही स्वतःच्या सहीने सांगताय, तेही रोज. त्यामुळे इथे आळस करू नका.

सगळ्यात जास्त फिरणारे कोटच इथे फसवतात. जगात जो बदल बघायचाय तो स्वतः व्हा, ही गांधीजींच्या नावाने फिरणारी ओळ या शब्दांत त्यांच्या लेखनात सापडत नाही. १९१३ मध्ये "इंडियन ओपिनियन" मध्ये त्यांनी लिहिलेला एक उतारा अर्थाने जवळ जातो, त्यात माणूस स्वतःचा स्वभाव बदलतो तशी जगाची त्याच्याकडे बघायची वृत्तीही बदलते असं म्हटलंय, पण ते मोठं, सावकाश चालणारं वाक्य आहे, टी-शर्टवर मावणारं नाही. तुझं म्हणणं मला मान्य नाही पण ते म्हणायच्या तुझ्या हक्कासाठी मी प्राणपणाने लढेन, हे व्होल्टेअरचं नाही, ते एव्हलिन बिअ‍ॅट्रिस हॉल या लेखिकेने १९०६ च्या पुस्तकात व्होल्टेअरची भूमिका सांगताना स्वतःच्या शब्दांत लिहिलं आणि ते अवतरणात असल्याने लोकांनी त्याचंच समजलं. आपली सगळ्यात खोल भीती आपण कमी पडू ही नसतेच, हा उतारा नेल्सन मंडेलांच्या १९९४ च्या शपथविधीच्या भाषणातला म्हणून फिरतो, त्या भाषणात तो नाहीच, तो मॅरिअ‍ॅन विल्यमसन या अमेरिकन लेखिकेच्या १९९२ च्या पुस्तकातला आहे.

आपल्याकडे मराठीत हाच प्रकार वेगळ्या तऱ्हेने होतो. कुठल्याही यमक जुळवलेल्या चार ओळींच्या शेवटी "तुका म्हणे" लावलं की तो अभंग होतो, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या अर्ध्या सुविचारांखाली पु. ल. किंवा व. पु. असतात. ज्यांच्या लेखनावर आपलं खरंच प्रेम आहे त्यांच्या तोंडी त्यांनी न लिहिलेलं घालणं हा त्यांच्यावर अन्याय आहे असं मला वाटतं, आणि म्हणून मी याबाबतीत जरा कडक आहे.

तपासायचं असं. ओळीतले चार-पाच सलग शब्द अवतरणचिन्हांत घालून सर्च करा आणि नुसते फोटो आणि कोटांच्या साइट दिसतायत की कुठे पुस्तक, भाषण, पत्र, पान नंबर असा मूळ ठिकाणाचा उल्लेख आहे ते बघा. जिथे पुस्तकाचं नावही नाही, वर्षही नाही, फक्त माणसाचं नाव आहे, तिथे संशय घ्या. इंग्रजी किंवा जगभरच्या कोटांसाठी विकिकोट चांगलं आहे, तिथे बऱ्याच व्यक्तींच्या पानावर खाली "चुकीने नावावर खपवलेले" आणि "वादग्रस्त" असे वेगळे भाग असतात, आधी तेच वाचायचे. "कोट इन्व्हेस्टिगेटर" ही साइट तर एकेका कोटाचा जुन्या वर्तमानपत्रांपर्यंत माग काढते. मराठी संतवाङ्मयासाठी विकिस्रोत किंवा घरातली छापील गाथा, ज्ञानेश्वरी उघडा आणि ओळ प्रत्यक्ष शोधा. संतसाहित्यात पाठभेद असतात, एका प्रतीत एक शब्द तर दुसरीत दुसरा, त्यामुळे एक प्रत धरा आणि तिच्यातलं जसंच्या तसं घ्या.

मूळ सापडलंच नाही आणि ओळ मात्र सोडवत नाही, तर नाव न घालता टाका. लोकांच्या तोंडी असलेलं वाक्य म्हणून ते राहू शकतं. "अज्ञात" असं मात्र तेव्हाच लिहा जेव्हा लेखक खरंच अज्ञात आहे, तुम्ही शोधला नाहीये तेव्हा नको.

जिवंत माणसाचा कोट घेताना अजून एक विचार करा, तो माणूस उद्या काहीतरी भलतंच बोलू शकतो आणि मग ते नाव तुमच्या सहीखाली असतं. नेते, उद्योगपती, प्रवचनकार यांच्या बाबतीत तर जास्तच.

मागचं-पुढचंही वाचा

नाव बरोबर असलं तरी ओळ तिच्या मूळ जागी काय करतेय ते बघावं लागतं. "वसुधैव कुटुम्बकम्" महोपनिषदात उदार मनाच्या माणसाचं लक्षण म्हणून येतं, आणि हाच श्लोक हितोपदेशात हरणाला फसवायला आलेल्या कोल्ह्याच्या तोंडी आहे. म्हणून टाकू नये असं नाही, पण त्याखाली हितोपदेश असं लिहिलंत आणि कोणी तो वाचलेला असेल तर त्याला कोल्हाच आठवणार.

याहून मोठा घोळ एका इंग्रजी ओळीचा आहे, नीट वागणाऱ्या बायका क्वचितच इतिहास घडवतात, ही. मेरिलिन मन्रोपासून एलेनॉर रूझवेल्टपर्यंत अनेकींच्या नावावर ती फिरते. लिहिली इतिहासकार लॉरेल थॅचर उलरिक यांनी, १९७६ च्या एका अभ्यासलेखात, आणि तो लेख होता जुन्या काळातल्या साध्या, देवभोळ्या बायकांबद्दल ज्यांची इतिहासाने दखलच घेतली नाही. म्हणजे त्यांचं म्हणणं होतं की अशा बायकांकडेही लक्ष द्या, आणि ओळ आज वापरली जाते ती बंड करा या अर्थाने. गीतेच्या त्या श्लोकाचंही बघा, पहिली ओळच सगळीकडे असते, पुढे "मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि" म्हणजे काम न करण्याचीही ओढ नको असं आहे, ते कोणी देत नाही आणि मग अर्थ लंगडा पडतो. निदान एक पान मागे आणि एक पान पुढे वाचल्याशिवाय ओळ उचलू नका.

कापणं आणि भाषांतर

ओळ लांब असेल तर शक्यतो दुसरी शोधा. कापायचीच झाली तर टोकाकडून कापा, मधून नको, आणि मधून कापलीच तर तीन टिंबं द्या. शब्द बदलू नका, अगदी जुनं मराठी आजच्यासारखं करायचा मोह झाला तरी. दुसऱ्या भाषेतली ओळ तुम्ही स्वतः मराठीत आणली असेल तर नावापुढे "भाषांतर माझं" असं लिहिलं की कोणाची फसवणूक होत नाही. आणि तुमचे निम्मे मेल मराठी न वाचणाऱ्यांना जात असतील तर त्यांच्यासाठी वेगळी सिग्नेचर करा, एकाच ओळीची दोन भाषांतली रूपं एकाखाली एक देऊ नका, सिग्नेचर मेलपेक्षा मोठी होते.

कॉपीराइटची फार काळजी नको, एखादं वाक्य नावासकट देण्यात सहसा अडचण येत नाही. अख्खी कविता किंवा गाण्याचं कडवं मात्र टाकू नका, ते सिग्नेचरच्या मापाचंही नसतं.

दिसायला कसं हवं

ऑक्टोबर १९९५ मध्ये आरएफसी १८५५ या नावाने इंटरनेटवरच्या शिष्टाचाराची एक नियमावली निघाली, तिच्यात सिग्नेचर साधारण चार ओळींपेक्षा जास्त नसावी असं सांगितलं होतं आणि कारण हे की बरेच लोक कनेक्शनचे पैसे मिनिटाप्रमाणे भरतात. तो खर्च आता गेला पण चार ओळींचं माप मला अजूनही योग्य वाटतं, कारण फोनच्या स्क्रीनवर त्याहून मोठी सिग्नेचर मेललाच झाकून टाकते. जीमेल सिग्नेचरमध्ये १०,००० अक्षरांपर्यंत परवानगी देतं म्हणून ती वापरायलाच पाहिजेत असं नाही. नाव एका ओळीत, काम आणि नंबर एका ओळीत, मग कोट जास्तीत जास्त दोन ओळींत, लेखकाच्या नावासकट.

कोट नेहमी नाव-नंबरच्या खाली, वर नाही, कारण वर टाकला तर तो मेलच्या मजकुराचाच भाग वाटतो. जुन्या काळापासून एक पद्धत आहे की सिग्नेचरच्या आधी एका वेगळ्या ओळीत दोन डॅश आणि एक स्पेस द्यायची, थंडरबर्डसारखे मेलचे काही प्रोग्राम ती खूण ओळखतात आणि रिप्लाय करताना खालचा भाग गाळतात. ती खूण असेल तर राहू द्या.

देवनागरी कोट इटॅलिक करू नका. आपल्या लिपीला इटॅलिकची परंपरा नाही, बहुतेक फॉन्टमध्ये तसं वेगळं रूपच नसतं, त्यामुळे सॉफ्टवेअर सरळ अक्षर ढकलून तिरपं करतं आणि मात्रा-वेलांट्या विचित्र दिसतात. वेगळेपणा हवा तर अक्षर एक माप लहान करा, एवढं पुरे. रंग देऊ नका, मुद्दाम निवडलेला काळा किंवा गडद निळा डार्क मोडमध्ये, म्हणजे काळ्या पार्श्वभूमीवर, काही ठिकाणी दिसतच नाही, रंग डीफॉल्ट ठेवला की तो प्रोग्राम स्वतः सांभाळतो. टायपिंग युनिकोडमध्येच, म्हणजे सगळीकडे नीट दिसणाऱ्या देवनागरीत करा, जुन्या डीटीपी फॉन्टमधून कॉपी केलेली ओळ समोरच्याकडे निरर्थक चिन्हं होऊन जाते.

आणि फूल, सूर्योदय वगैरे असलेली सुविचाराची इमेज कृपया नको. कित्येक ठिकाणी इमेज आपोआप ब्लॉक होते, कुठे ती अटॅचमेंट म्हणून दिसते आणि माणूस फाइल शोधत बसतो, आणि स्क्रीन रीडर वापरणाऱ्या दृष्टिहीन व्यक्तीला त्यातलं काहीच ऐकू येत नाही. साधा मजकूर सगळ्यांपर्यंत पोचतो. स्क्रीन रीडरवर कोट प्रत्येक मेलला पूर्ण ऐकावा लागू शकतो हेही लांबी ठरवताना लक्षात असू द्या.

सेट करताना दोन सिग्नेचर करा

एक कोट असलेली आणि एक नुसतं नाव असलेली. नव्या मेलला पहिली, रिप्लायला दुसरी. असं केलं की पंधरा मेलच्या थ्रेडमध्ये तीच ओळ पंधरा वेळा साचत नाही, आणि "ओके, मिळालं" च्या खाली जीवनाचं तत्त्वज्ञान येत नाही.

जीमेलमध्ये कॉम्प्युटरवर वरचं गिअरचं चिन्ह, मग सी ऑल सेटिंग्ज, जनरल टॅबमध्ये खाली सिग्नेचर. क्रिएट न्यू करून दोन्ही बनवा आणि त्याच्याच खाली सिग्नेचर डीफॉल्ट्समध्ये नव्या मेलसाठी एक आणि रिप्लाय-फॉरवर्डसाठी दुसरी निवडा. तिथेच एक चौकट आहे, ती टिक केली की रिप्लायमध्ये सिग्नेचर जुन्या मजकुराच्या वर येते आणि ती दोन डॅशची ओळ निघून जाते, हवं तसं ठरवा. शेवटी पान अगदी खालपर्यंत सरकवून सेव्ह चेंजेस दाबायचं, हे राहिलं की सगळं वाया. मेल लिहिताना खाली पेनाचं चिन्ह असतं त्यातून त्या मेलपुरती सिग्नेचर बदलता किंवा काढता येते, सांत्वनाच्या, माफीच्या आणि नकाराच्या मेलला ते आठवणीने करा, कोट कितीही तपासून घेतलेला असला तरी.

आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप आवृत्तीत फाइल, ऑप्शन्स, मेल, सिग्नेचर्स असा रस्ता आहे, नव्यात आणि वेबवर सेटिंग्जमधल्या अकाउंट्समध्ये सिग्नेचर्स मिळतं, दोन्हीकडे नवा मेल आणि रिप्लाय वेगळे ठरवता येतात. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमध्येच चौकट असते.

प्रत्येक मेलला आपोआप वेगळा कोट टाकणारी साधनंही मिळतात, युनिक्स या जुन्या कॉम्प्युटर सिस्टिमच्या जमान्यापासून लोक हे करत आलेत. मला ते पटत नाही. कोणत्या मेलखाली काय येणार हे तुमच्या हातात राहत नाही, आणि आपण इतका वेळ जे तपासलं ते सगळं तिथे सुटतं.

सेट झालं की स्वतःच्या दुसऱ्या अकाउंटवर एक मेल पाठवा आणि तो फोनवर, डार्क मोडमध्ये उघडून बघा. एखाद्या जवळच्या माणसालाही पाठवा, जो स्पष्ट बोलतो असा, आणि कोटाबद्दल काही न सांगता फक्त विचारा की मेल कसा वाटला. "खालची ती ओळ कोणासाठी होती?" असं त्याने विचारलं तर ओळ बदला.

एकदा ठरलं की सारखं बदलत बसू नका, पण काम बदललं, पाठवायचे मेल बदलले की ते सहा-सात मेल नव्याने काढून परत वाचा. आणि बदलताना फोन विसरू नका. जीमेलच्या अ‍ॅपमध्ये मोबाइल सिग्नेचर वेगळी असते, ती अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये अकाउंटवर जाऊन बदलावी लागते, आयफोनच्या मेलची तर सेटिंग्जमध्ये पूर्ण वेगळी जागा आहे आणि तिथे काही केलं नसेल तर "सेंट फ्रॉम माय आयफोन" हेच जात राहतं. जितक्या ठिकाणांहून मेल पाठवता तितक्या ठिकाणी जाऊन बघा.